इस्त्री केलेली अरबी

आमच्या घरात अरबी अक्षर कधी जमिनीवर राहिलं नाही. खजुराच्या खोक्याचं झाकण असो, अत्तराच्या बाटलीभोवतीचा कागद असो, की हजहून आलेल्या कुणी वाटलेल्या साबणाचं वेष्टण असो, त्यावर अरबी दिसलं की अम्मा वाकायची, कागद उचलायची, आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला लावायची आणि कपाटावरच्या पांढऱ्या पिशवीत टाकायची. पिशवी म्हणजे अब्बांच्या दुकानात उरलेल्या लाँगक्लॉथचा शिवलेला अभ्रा. ती कपाटावर अशासाठी, की घरात सगळ्यांच्या डोक्यापेक्षा उंच जागा तेवढी एकच होती. रमजान जवळ आला की अब्बा ती पिशवी सायकलला अडकवून कसबा बावड्याच्या पलीकडे पंचगंगेवर न्यायचे आणि कागद वाहत्या पाण्यात सोडून यायचे. पवित्र अक्षर पायदळी येऊ नये, एवढीच त्यामागची भावना. अम्माला स्वतःला वाचता येत नव्हतं, मराठीही नाही आणि अरबीही नाही. "उजवीकडनं चालतंय ते आपलं," म्हणायची, आणि तेवढ्या ओळखीवर तिचं सगळं भागायचं.

कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावातलं आमचं घर म्हणजे पुढे अब्बांचं शिलाईचं दुकान, मागे आम्ही आणि वर पत्र्याची एक खोली. दिवसभर मशीनचा खडखडाट, मधूनच कोळशाच्या इस्त्रीखाली ओल्या फडक्याचा चर्र आवाज आणि त्या सगळ्यावर अब्बांचं बोलणं. अब्बा हात चालवत बोलायचे, बोलता बोलता हात थांबायचा, आणि हात थांबला तरी बोलणं सुरूच राहायचं. त्यामुळे आमच्याकडे ईदचे कपडे ईदच्या सकाळी मिळतात अशी ख्याती होती. दुपारी चारच्या सुमारास अम्मा ज्वारीच्या भाकरी थापायला बसायची आणि मी तिच्यासमोर वही घेऊन. शाळेत माझं नाव शाहिदा, घरात शायदा. मोठी झाल्यावर मला कळलं, की माणसाला दोन नावं असणं आणि त्याच्या भाषेला दोन रूपं असणं ही एकाच जातीची गोष्ट आहे. त्या वयात मात्र एवढंच ठाऊक होतं, की मी निबंधात 'हाय' लिहिलं की मराठीच्या बाई त्यावर लाल काट मारून 'आहे' लिहितात.

इद्रीस आमच्याकडे आला तो पँट शिवायला. सुदान देशातून इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला, काळासावळा, हसरा आणि इतका उंच की दुकानात शिरताना वाकावं लागायचं. अब्बांनी खाली बसून माप घेतलं आणि टेप दोनदा लावून बघितला. "पावणं, एवढ्या पायाला कापड पुरवायचं म्हंजे पडदंच फाडाय पायजेत," अब्बा म्हणाले. इद्रीसला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तो हसून म्हणाला, "या झोल!" झालं. अब्बा ताडकन उठले. शिंप्याच्या दुकानात उभं राहून झोल म्हणणं म्हणजे हलवायाच्या दुकानात माशी दाखवण्यासारखं. "कुठं हाय झोल? आजून कापड कापलं न्हाय आन् झोल कसा पडंल?" शेवटी इद्रीसनं मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं, की त्यांच्याकडे झोल म्हणजे माणूस, गडी, दोस्त. कापड कुठे सैल पडून लोंबलं तर आमच्याकडे झोल, आणि समोर भला माणूस दिसला तर त्याच्याकडे झोल. अब्बांना ही गंमत इतकी आवडली, की पँट तयार व्हायच्या आधीच त्यांनी वरची खोली त्याला राहायला देऊनही टाकली. अम्माला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागला.

जेवणाचा प्रश्न ज्वारीनं सोडवला. त्यांच्याकडेही ज्वारी, आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी करतात, आपल्या आंबोळीच्या चुलतबहिणीसारखी. आणि शेंगदाणे तर त्याच्या देशात इथल्यासारखेच. अम्मानं दाण्याची चटणी तेल घालून पुढे ठेवली, तेव्हा त्यानं पहिला घास घेऊन डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. "तिखट लागली व्हय रं?" अम्मानं विचारलं. "नाही, खाला," तो म्हणाला, "घर लागलं." हिंदी-मराठीची ती मोडकी खिचडी मला अजून बरोबर वाटते. वर्षभरात तो आमच्यासारखंच बोलायला लागला. खाली येऊन "खाला, भूक लागलीया की" म्हणायचा, तेव्हा गिऱ्हाइकं वळून बघायची.

त्याच्या येण्यानं पिशवीचं मात्र कठीण झालं. इद्रीस सगळंच अरबीत लिहायचा. बाजाराची यादी अरबीत, लेक्चरच्या वेळा अरबीत आणि खूप काही लिहून खोडून, चुरगाळून जिन्यात टाकलेलंही अरबीत. अम्मा रोज जिना झाडताना ते बोळे उचलायची, डोळ्यांना लावायची, आणि चुरगाळलेलं अक्षर तसंच ठेवणं बरं नव्हे म्हणून अब्बांच्या टेबलावर नेऊन इस्त्री करायची. एकदा इद्रीसनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "खाला, ही कांदे-बटाट्याची यादी आहे!" अम्मा म्हणाली, "आसू दे की. कांदं तुझं, अक्षर अल्लाचं." मग त्याने वाद सोडून दिला. तिला पुढे कधी अडवलं नाही, हे त्याचे उपकारच.

मी मशिदीतल्या मकतबात कुराण वाचायला शिकले होते. अर्थ न कळता, फक्त अक्षर जुळवून आणि सूर लावून. म्हणून एक दिवस मी इद्रीसला विचारलं, की तू लिहितोस ते आम्ही वाचतो तेच का? तो जिन्यावर बसला आणि त्याने मला जे सांगितलं ते मी आयुष्यभर विसरले नाही. त्यांच्याकडे अरबी दोन. एक पुस्तकाची, रेडिओची, सरकारी हुकमाची. ती शाळेत शिकावी लागते. दुसरी आईची, जी कुणी शिकवत नाही आणि जी लिहायची नसते. 'तुला काय पाहिजे?' हे पुस्तकात 'माधा तुरीदु', आणि त्याच्या आईच्या तोंडी 'दायिर शुनू'. त्याची आई एका रस्त्याच्या कडेला शेगडी मांडून चहा विकायची. दिवसभरात शंभर माणसांशी बोलणारी बाई, पण तिचं बोलणं जसंच्या तसं कुणी कागदावर आणलं तर लोक म्हणणार, हा अडाणी आहे. "तुझी अम्मा बोलते ते कोण लिहितं?" त्यानं मला विचारलं. मला बाईंची लाल काट आठवली.

जिन्यात पडणाऱ्या त्या बोळ्यांचं रहस्य तेव्हा उलगडलं. तो एक छोटं नाटक लिहीत होता. कोल्हापुरात शिकणारी अरबी बोलणाऱ्या देशांतली मुलं दरवर्षी एका रविवारी एक हॉल भाड्याने घेऊन जमायची. खाणं, गाणी, नकला, असा तो मेळावा. त्यात करायला इद्रीसनं लिहिलं होतं ते असं: एक चहावाली, आणि तिची शेगडी उठवायला आलेला एक शिपाई. शिपाई रेडिओच्या अरबीत फर्मान सुनावतो. चहावाली म्हणते, मला कळलं नाही, तू काय बातम्या देतोयस काय? तो पुन्हा मोठ्याने सांगतो. ती पुन्हा विचारते, "या झोल, इंत दायिर शुनू?" म्हणजे, अरे बाबा, तुला पाहिजे तरी काय? असं करत करत त्या शिपायाची पुस्तकी भाषा सुटत जाते आणि शेवटी त्याच्या तोंडून त्याच्या स्वतःच्या आईची बोली बाहेर पडते. ती बोली तोंडात आल्यावर त्याला शेगडी लाथाडता येत नाही. तो बसतो आणि चहा मागतो. एवढंच नाटक. त्या वेळी त्यांच्या देशात लष्कराचं राज्य होतं, हे इद्रीसनं सांगितलं तेव्हा मला त्यातला शिपाई कोण ते कळलं. सरकार रेडिओवरून एका भाषेत बोलतं आणि लोक रस्त्यावर दुसऱ्या भाषेत ओरडतात, असं तो म्हणायचा.

मेळाव्याचे अध्यक्ष म्हणजे वयानं मोठे, पीएचडी करणारे एक इराकी गृहस्थ. त्यांनी नाटक वाचून सांगितलं, हे शुद्ध अरबीत लिहून आण, नाहीतर होणार नाही. त्यांचंही अगदीच चूक होतं असं आज मला वाटत नाही. ते म्हणाले होते, आपण इतक्या देशांतून आलो, आपल्याला बांधणारी भाषा एकच, पुस्तकाची. उद्या प्रत्येकानं आपापल्या आईची भाषा लिहिली तर एकमेकांचं पत्रसुद्धा वाचता येणार नाही. आणि जी भाषा कुराणाची, तिच्या जागी गल्लीची भाषा लिहायची? इद्रीस मऊ स्वभावाचा. त्याने घरी येऊन मूळ कागद फाडले नाहीत, पण चुरगाळून जिन्यात फेकले आणि सगळं नव्यानं शुद्ध अरबीत लिहून काढलं. आता शिपाईही रेडिओसारखा बोलायचा आणि चहावालीही. दोघं एकच भाषा बोलायला लागल्यावर नाटकात उरणार काय? तालमीत कुणी हसलं नाही. शिपाई करणारा त्याच्याच देशातला मुलगा म्हणाला, "तुझी चहावाली तर मंत्रीण वाटतीय."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी इद्रीस खाली आला आणि भाकरीपुढे नुसता बसून राहिला. अम्माच्या घरात न जेवता बसणं म्हणजे गुन्हा. तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. तो म्हणाला, नाटक मागे घेतो. पहिले कागद फेकले, ते एव्हाना नदीला गेले असतील. पहिलं आठवून लिहायला गेलो तर हात आपोआप शुद्ध लिहितो, आईचा आवाजच येत नाही कानात. चार वर्षं झाली तिला ऐकून. हे म्हणताना तो अम्माकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. मला तेव्हा प्रथम कळलं, की त्याला नाटकाची काळजी नव्हती. आई बोलायची कशी, तेच आपल्या हातून निसटून चाललंय, ही त्याची भीती होती.

अम्माला त्यातलं बाकी काही कळलं नसेल, पण एक कळलं. "फेकलंस म्हंजे जिन्यातच न्हवं?" तिने विचारलं. आणि त्याची मान हलली तशी ती उठली. "आरं लेका, मग गेलं कुठं? समदं ठेवलंय की मी!" तिने स्टूल घेतलं, कपाटावर हात फिरवला, आणि तिचा हात तसाच राहिला. पिशवी नव्हती. रमजान तोंडावर आला होता आणि अब्बा सकाळीच ती घेऊन नदीवर गेले होते.

इद्रीस पायांत चप्पल न घालता धावला. शेजारच्यांची सायकल घेतली आणि गेला. आम्ही दोघी दारात उभ्या. अम्मा एरवी कागद नदीला पोचले की समाधान मानायची, आणि त्या दिवशी ती पुटपुटत होती, "या अल्ला, आज येक दिस ह्येनला वाटंत कुणीतर भेटू दे." आयुष्यभर ती अब्बांच्या वाटेत थांबून बोलण्याच्या सवयीला कंटाळलेली होती. त्या सवयीसाठी तिनं दुवा मागितलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

दुवा कबूल झाली. इद्रीसला अब्बा सापडले ते बावड्यातल्या एका चहाच्या हॉटेलात. तिथे त्यांना एक जुनं गिऱ्हाईक भेटलं होतं, आणि त्यानं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की तुम्ही शिवलेल्या सदऱ्याला पाठीत झोल हाय. मग काय. अब्बांनी पिशवी बाकावर ठेवली, त्या माणसाला उभं केलं, फिरवलं, वाकवलं, आणि झोल सदऱ्यात नसून पाठीत कसा आहे हे हॉटेलातल्या सगळ्यांना पटवून देईपर्यंत सकाळ सरली. दोघं परत आले तेव्हा पिशवी अब्बांच्या खांद्यावर होती आणि इद्रीस दुरूनच ओरडत होता, "खाला! झोलनं झोलला वाचवलं!"

इस्त्रीच्या टेबलावरचे कपडे बाजूला करून आम्ही पिशवी उपडी केली. सगळे कागद एकसारखे, कडक, परीटघडीचे. पण क्रम कुठला आणि पान कुठलं, काही पत्ता नाही. इद्रीस एकेक उचलून सांगू लागला, ही कांद्याची यादी, ह्या परीक्षेच्या तारखा, हा खजुराच्या खोक्याचा कागद, ह्यावर लिहिलंय थंड आणि कोरड्या जागी ठेवा. एका कागदापाशी तो अडखळला. अम्मानं विचारल्यावर खाली मान घालून म्हणाला, ह्यात आमच्या जनरलला शिव्या आहेत. "शिव्या?" अम्मा किंचाळली. "मी डोळ्याला लावलं की रं ते!" मग जरा थांबून, "मोठ्या शिव्या हायत का बारक्या?" मोठ्या, तो म्हणाला. "मग आसू दे," अम्मा म्हणाली, आणि कागद पुन्हा पिशवीत गेला.

मलाही मदत करायची होती. अक्षरं मला येत होतीच. मी एक पान उचललं, डोक्यावर ओढणी घेतली, आणि मकतबात शिकवलेल्या सुरात, जिथे लांबवायचं तिथे लांबवत, घशातून काढायचं ते घशातून काढत, वाचायला सुरुवात केली. "याऽऽ झोऽऽल... इंऽत... दाऽऽयिर... शुऽनू..." इद्रीस माझ्याकडे बघतच राहिला. मग तो जो हसायला लागला, तो टेबल धरून खाली बसला. त्याची चहावाली आई शिपायावर खेकसतेय, आणि ते मी कुराणशरीफसारखं पठण करत होते! मला रडूच आलं. अम्मा मला म्हणाली, "गप. आन् तू बी गप रं. ह्या वाक्याला तुझी आई कशी बोलती ती सांग तिला." त्याने डोळे पुसले आणि एक हात कमरेवर ठेवून, मान तिरकी करून, आवाज चढवून ते वाक्य म्हटलं. एकदम झरझर, शेवटच्या शब्दाला झटका देऊन. अब्बांची मशीन थांबली होती. इद्रीस स्वतःच स्वतःचा आवाज ऐकत होता. "हां," तो हळूच म्हणाला, "ही ती." मग त्याला काही शोधावं लागलं नाही. कागद आपापल्या जागी येत गेले, तो वाचत गेला, आणि एकही शब्द न कळता अम्मा बरोबर जागी हसत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलो. चहावाली इद्रीसच झाला होता. त्यांच्याकडच्या बायका साडीसारखंच एक लांब वस्त्र अंगाभोवती घेतात, म्हणून अम्माने आपली निळी साडी दिली होती आणि ती त्याच्या पोटऱ्यांपर्यंतच पुरली होती. अध्यक्षांना न विचारता नाटक मूळच्याच बोलीत झालं. सुरुवातीला दोघं-तिघं उठून गेले, हे खोटं कशाला सांगू. पण बाकीचे हसू लागले. आधी त्याच्या देशातले, मग इतर देशांतले, ज्यांना प्रत्येक शब्द कळत नव्हता तेही. शिपायाची भाषा घसरून त्याच्या आईच्या बोलीत आली, त्या क्षणी अम्मा भर हॉलमध्ये मोठ्याने म्हणाली, "आला बघा वळणावर!" सगळ्यांनी वळून पाहिलं. अध्यक्षही हसले, रुमाल तोंडावर धरून हसले. पण आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत. आमच्या वार्षिक अंकात हे छापता येणार नाही, असं त्यांनी नंतर इद्रीसला सांगितलंच. आणि सांगून झाल्यावर ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखव म्हणाले.

इद्रीस शिकून परत गेला. तिथे तो मास्तर झाला, आता आजोबाही झाला आहे. त्याच्या देशात आज पुन्हा लढाई पेटली आहे आणि तो घर सोडून शेजारच्या देशात राहतो. तरी ईदला त्याचा मेसेज चुकत नाही. पूर्वी जी अरबी लिहायची नसते म्हणायचे, ती आता तिकडची पोरं मोबाइलवर आणि भिंतींवरही बिनधास्त लिहितात, असं तो कळवतो, आणि स्वतःही तशीच लिहितो. माझ्या नातीनं मागच्या ईदला तो मेसेज मोबाइलला भाषांतर करायला दिला. मोबाइलनं काहीतरी भलतंच सांगितलं. त्यालाही पुस्तकाचीच येत असावी. मी चष्मा लावला आणि अक्षर जुळवून वाचलं, "दायरा शुनू?" बाईला विचारताना दायिरचं दायरा होतं, एवढंच. काय पाहिजे तुला? मला काही नको, इद्रीसभाई. मला ज्या वयात जे मिळायला हवं होतं, ते आमच्या जिन्यात पडलेलं मिळालं.

मेळावा झाल्यावर आठवड्याभरातच शाळेत निबंध आला, 'माझी आई'. मी सगळा निबंध बाईंना हवा तसा लिहिला. 'माझी आई प्रेमळ आहे', सगळं 'आहे' जिथल्या तिथे. पण अम्मा जिथे बोलते तिथे मी अवतरणचिन्हं घातली आणि आत ती बोलते तसंच ठेवलं. 'आसू दे की. कांदं तुझं, अक्षर अल्लाचं.' भीत भीत वही दिली. परत आली तेव्हा इतर चार ठिकाणी लाल काट होती. अवतरणचिन्हांच्या आत बाईंनी हात लावला नव्हता. त्या बाईंचेही माझ्यावर उपकार आहेत. कधी प्रत्यक्ष सांगता आले नाहीत.

घरी येऊन मी तो निबंध अम्माला वाचून दाखवला. ती भाकऱ्या थापत होती. स्वतःचं बोलणं आलं तिथे तिचे हात थांबले. "ह्ये मी म्हनलेलं लिवलंय व्हय त्यात?" तिने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि कागद मागून घेतला. डावीकडून चालणारं अक्षर, तिच्या ओळखीचं नव्हे. "कुठं हाय ते? मला दाव." मी बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत. तिने बराच वेळ तिथे बघितलं. मग तो कागद एका डोळ्याला लावला, दुसऱ्या डोळ्याला लावला, आणि इस्त्रीत कोळसे घालायला उठली.